हजरत साद : पहिला तीर, आवरलेला हात

रमजानची सतरा तारीख जवळ आली की मशिदींमधून बद्रची आठवण निघते. हिजरी सन 2 मधला, म्हणजे इसवी सन 624 च्या मार्च महिन्यातला तो दिवस. रोजे फर्ज झाले तेही याच वर्षी, म्हणजे रोज्यांचा तो पहिलाच रमजान. मदिनेहून निघालेल्या तीनशे तेरा जणांकडे मिळून सत्तर उंट आणि दोनच घोडे होते. समोर मक्केचे सुमारे एक हजार लोक होते. या तीनशे तेरा जणांत बुटक्या, भक्कम बांध्याचा, मोठ्या डोक्याचा आणि जाड बोटांचा एक तरुण होता. चरित्रकारांनी त्यांच्या बोटांचाही उल्लेख केला आहे, कारण ती बोटे तिरंदाजाची होती. हे हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.). ज्या दहा सहाबींना हयातीतच जन्नतची खूशखबर मिळाली, त्या अश्रा मुबश्शरांपैकी ते एक.

सुट्टी जवळ आली की आपल्या नाशिक रोड परिसरातले काही पालक मुलांना धनुर्विद्येच्या वर्गाला घालण्याचा विचार करतात. बर्लिनला 2023 मध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हापासून महाराष्ट्रात या खेळाकडे लोकांचे लक्ष वळले आहे. अदिती तेव्हा सतरा वर्षांची होती. बहुतेक चरित्रकारांच्या मते हजरत साद यांनी इस्लाम स्वीकारला, तेव्हा तेही सतराच वर्षांचे होते. म्हणून या रमजानमध्ये त्यांचे चरित्र तिरंदाजाच्या नजरेने वाचू. हातात धनुष्य घेणाऱ्या नवशिक्यालाही त्यातून बरेच शिकता येईल.

मक्केतला बाण तासणारा मुलगा

हजरत साद कुरैश जमातीच्या बनू जुहरा या घराण्यातले. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मातोश्री बीबी आमिना याच घराण्यातल्या होत्या. या नात्याने प्रेषित त्यांना आपले मामू मानत आणि लोकांसमोर तसे कौतुकाने सांगत. वयाने मात्र मामू भाच्यापेक्षा बरेच लहान होते.

मक्का व्यापाऱ्यांचे गाव. कोणी कापडाचा धंदा करी, कोणी उंटांचा, कोणी अत्तराचा. साद यांचा हुन्नर बाण तासण्याचा होता. अरबस्तानात त्या काळी हिजाजच्या डोंगरांत मिळणाऱ्या नबअ नावाच्या झाडाच्या लाकडाची धनुष्ये नावाजलेली होती. बाणाची काडी सरळ करायची, तिला टोक बसवायचे, मागे पिसे लावायची आणि दोरीवर बसेल अशी खाच कोरायची. काडी केसभर जरी वाकडी राहिली, तरी तीर भलतीकडे जातो. हातात कौशल्य कितीही असो, वाकड्या काडीपुढे ते चालत नाही. साद यांचा स्वभावही या कामात घडला असावा. पुढच्या आयुष्यात ते सरळ बोलत, थोडके बोलत आणि एकदा ठरवले की ढळत नसत.

हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या सांगण्यावरून त्यांनी इस्लाम स्वीकारला. अगदी सुरुवातीच्या मोजक्या लोकांपैकी ते होते. घरात वादळ उठले. आई हमना बिन्त सुफियान यांचा या मुलावर फार जीव. मुलाने नवा धर्म सोडला नाही तर आपण अन्नपाण्याला शिवणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. एक दिवस गेला, दुसरा गेला, आई अशक्त झाली. साद आईजवळ जात, तिला खाण्याचा आग्रह करीत. मात्र आपला विश्वास आपण सोडणार नाही, हेही त्यांनी तिला स्पष्ट सांगितले. शेवटी आईने अन्न घेतले. कुरआनच्या भाष्यकारांनी या प्रसंगाचा संबंध एका शिकवणुकीशी जोडला आहे : आईवडिलांनी अल्लाहबरोबर दुसऱ्या कोणाला भागीदार मानायला सांगितले तर ते ऐकू नये, पण दुनियेत त्यांच्याशी चांगुलपणानेच वागावे. साद यांनी आईचे ऐकले नाही, पण आईला तोडलेही नाही. घरोघरी मोठ्या होत असलेल्या मुलांचे आईबापांशी मतभेद होतात. त्या घरांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

पहिला तीर

हिजरतीनंतर मदिनेत आलेल्या मुसलमानांना मक्केकडून धोका होताच. 623 मध्ये प्रेषितांनी हजरत उबैदा बिन हारिस (रजि.) यांच्या हाताखाली एक छोटी तुकडी राबिगच्या बाजूला पाठवली. समोर कुरैशांची मोठी तुकडी आली. तलवारी निघाल्या नाहीत, हातघाई झाली नाही. थोडे बाण मात्र सुटले. मुसलमानांच्या बाजूने पहिला तीर सोडला तो साद यांनी. इस्लामच्या इतिहासात अल्लाहच्या मार्गात सुटलेला पहिला तीर म्हणून त्याची नोंद झाली. साद यांना आयुष्यभर या गोष्टीचा अभिमान वाटे.

मग बद्र आले. तिथे तिरंदाजांना मिळालेली सूचना हदीसच्या ग्रंथांत नोंदवलेली आहे. शत्रू लांब असताना बाण वाया घालवू नका, तो टप्प्यात येईपर्यंत थांबा, असा तिचा आशय. ज्यांच्याकडे बाण मोजके होते, त्यांच्यासाठी ही युद्धातली अक्कल होती. पण धनुर्विद्या शिकवणारा कोणताही उस्ताद पहिल्या दिवशी हेच सांगतो. लांबचे निशाण नवशिक्याला खुणावते. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्याचे निशाण 70 मीटरवर असते, म्हणून मुलालाही तिथूनच बाण मारावेसे वाटतात. शिकायचे मात्र पाच-सात मीटरवरून, मोठ्या निशाणावर. जवळून बाण एका जागी जमू लागले की मग अंतर वाढवायचे.

बद्रला निघताना साद यांचा धाकटा भाऊ उमैर (रजि.) फौजेत लपतछपत फिरत होता. वय सोळा. लहान म्हणून आपल्याला परत पाठवतील, ही त्याला भीती. झालेही तसेच. प्रेषितांनी त्याला घरी जायला सांगितले, तेव्हा तो रडू लागला. त्याची तळमळ पाहून परवानगी मिळाली. तलवार त्याच्या उंचीच्या मानाने लांब होती. तिचा पट्टा साद यांनी स्वतःच्या हाताने बांधून दिला. सतरा रमजानच्या त्या दिवशी उमैर शहीद झाला. साद भावाला बद्रच्या मातीत ठेवून एकटेच मदिनेला परतले. बद्रचा विजय आपण सांगतो, तेव्हा ज्या घरांतली माणसे परत आली नाहीत, त्यांत सादचेही घर होते, हे लक्षात ठेवावे.

उहुदची टेकडी

पुढच्याच वर्षी, 625 मध्ये, उहुदच्या डोंगरापाशी लढाई झाली. प्रेषितांनी पन्नास तिरंदाज एका छोट्या टेकडीवर ठेवले. त्यांचे सरदार होते हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.). हुकूम स्पष्ट होता : जिंकलो तरी जागा सोडायची नाही, हरलो तरी सोडायची नाही. सुरुवातीला मक्केची फौज मागे हटली. मैदानात माल पडलेला दिसला आणि टेकडीवरचे बहुतेक तिरंदाज खाली धावले. सरदार आणि थोडे लोक तेवढे जागेवर राहिले. तेव्हा मक्केच्या बाजूने लढत असलेल्या खालिद बिन वलीद यांनी ही फट हेरली आणि पाठीमागून घोडदळ घातले. जिंकलेली लढाई फिरली. सुमारे सत्तर मुसलमान शहीद झाले. खुद्द प्रेषित जखमी झाले.

त्या धुमश्चक्रीत जे थोडे लोक प्रेषितांजवळ पाय रोवून उभे राहिले, त्यांत साद होते. प्रेषित स्वतः भात्यातून बाण काढून त्यांच्या हाती देत होते आणि साद एकामागून एक सोडत होते. बाण संपत आले, तेव्हा टोक नसलेली काडीही त्यांनी दोरीवर चढवली आणि तीही लागली. अरबांमध्ये कोणावर फार प्रेम दाखवायचे असेल तर आपले आईवडील त्याच्यावरून ओवाळून टाकण्याची भाषा करतात. त्या दिवशी प्रेषितांनी ही भाषा साद यांच्यासाठी वापरली. साद यांचा तीर सरळ जावा आणि त्यांची दुआ कबूल व्हावी, अशी दुआही प्रेषितांनी त्यांच्यासाठी केली. पुढे मदिनेत आणि कुफ्यात लोक सादच्या बाणाला भीत नसतील तेवढे त्यांच्या दुआला भीत.

उहुदमध्ये एकाच दिवशी दोन प्रकारचे तिरंदाज दिसले. टेकडीवरच्या पन्नास जणांचा नेम कच्चा नव्हता. त्यांना जागेवर थांबता आले नाही. सादना थांबता आले.

चातीसारखे बाण

प्रेषितांच्या अखेरच्या हजच्या वेळी, 632 मध्ये, साद मक्केत फार आजारी पडले. आता आपण वाचत नाही, असे त्यांना वाटले. त्यांच्याकडे मालमत्ता बरीच होती आणि तेव्हा वारस म्हणून एकच मुलगी होती. सगळी मालमत्ता दान करू का, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी नको म्हटले. मग अर्धी? तीही नको. तिसरा हिस्सा चालेल, आणि तिसरा हिस्साही पुष्कळ आहे, असे उत्तर मिळाले. वारसांना दुसऱ्यापुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे बरे, हा त्यामागचा विचार. वसिय्यत तिसऱ्या हिश्श्यापुरतीच, हा मुस्लिम वारसा कायद्यातला नियम या प्रसंगावर उभा आहे. आपल्याकडच्या न्यायालयांतही तो चालतो. जकात आणि सदक्याच्या या महिन्यात तो आठवावा : दानालाही माप असते.

साद त्या आजारातून उठले आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षे जगले. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत त्यांच्यावर इराणच्या सासानी साम्राज्याशी लढण्याची जबाबदारी आली. 636 च्या सुमारास कादिसियाची लढाई झाली. समोर सेनापती रुस्तम, त्याची मोठी फौज आणि हत्ती. इकडे साद यांना मांडीच्या शिरेचे दुखणे आणि अंगावर गळवे. घोड्यावर बसणेही शक्य नव्हते. एका जुन्या वाड्याच्या गच्चीवर ते छातीखाली उशी घेऊन पालथे पडले आणि तिथून चिठ्ठ्या पाठवून लढाई चालवली. सरदार मैदानात का नाही, म्हणून लोकांनी टोमणे मारले, कवींनी कवने रचली. साद यांनी आपली गळवे दाखवली आणि काम चालू ठेवले.

इतिहासकार बलाजुरी यांनी या लढाईतली एक गोष्ट नोंदवली आहे. इराणी फौजेची हत्यारे भारी होती. अरबांचे बारीक बाण पाहून इराणी शिपाई हसू लागले आणि दूक, दूक असे ओरडू लागले. फारसीत दूक म्हणजे सूत काततानाची चाती. पण त्या चात्या येतच राहिल्या आणि चिलखते फोडून आत घुसल्या. उलट, इराणी बाण अरबांच्या कपड्यात नुसते अडकून राहत, अशी कबुली त्यांच्याच बाजूच्या माणसाने पुढे दिली. भारी दिसणारे हत्यार भारी काम करतेच असे नाही. धनुष्य विकत घेताना हे विसरू नये.

पहिले धनुष्य कसे निवडावे

आपल्या जिल्ह्यात धनुष्य नवे नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवर बांबूचे धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. भिल्लांच्या धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट पट्टीची असते. तोपखान्याच्या शाळेमुळे देवळाली-नाशिक रोडच्या माणसाला नेम, टप्पा आणि मारा हे शब्दही ओळखीचे आहेत. तरी दुकानात किंवा मोबाइलवर धनुष्य निवडताना बहुतेक जण एकच चूक करतात. सगळ्यांत जड, सगळ्यांत ताठ धनुष्य ते घेतात.

प्रथम डोळा पाहावा. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी ठेवावी आणि दोन्ही डोळ्यांनी त्यातून लांबची वस्तू पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला वस्तू खिडकीतच दिसत राहते, तो आपला प्रबळ डोळा. उजवा असेल तर डाव्या हातात धनुष्य धरून उजव्या हाताने दोरी ओढावी, डावा असेल तर उलट. सगळे मित्र उजव्या हाताने खेळतात म्हणून आपणही तसेच करू नये.

दुसरी गोष्ट ओढीची लांबी. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माप घ्यावे आणि त्याला अडीचने भागावे. 165 सेंटिमीटर आले तर ओढ 66 सेंटिमीटर, म्हणजे 26 इंच. एवढ्या ओढीला 66 ते 68 इंच लांबीचे धनुष्य बरे पडते. ओढ 28 इंचांच्या पुढे असेल तर 70 इंचांचे घ्यावे. बाण ओढीपेक्षा थोडा लांबच हवा. आखूड बाण पूर्ण ओढल्यावर मागे निसटून हाताला लागू शकतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट वजनाची. हे वजन हातात उचलायचे नाही, दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचे आहे, आणि ते पाउंडात मोजतात. धनुष्यावर लिहिलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. आपली ओढ एक इंचाने कमी असेल तर जोर साधारण दोन पाउंडांनी कमी लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना 12 ते 16 पाउंड पुरतात, मोठ्यांना सुरुवातीला 16 ते 24. कसोटी सोपी आहे. जाणत्या माणसासमोर दोरी पूर्ण ओढून दहा-पंधरा सेकंद धरावी आणि हळूच परत आणावी. हात थरथरला, खांदा वर चढला, तर ते धनुष्य आपले नाही. ज्यांची पाती सुटी करता येतात असे लाकडी रिकर्व्ह धनुष्य घेतले, तर ताकद वाढल्यावर फक्त पाती बदलता येतात. मूठ तीच राहते, खर्च वाचतो. बांबूच्या धनुष्यावर शिकणेही काही कमीपणाचे नाही. आपल्या देशात इंडियन राउंड नावाचा प्रकार त्यावरच खेळला जातो आणि कित्येक खेळाडूंची सुरुवात तिथूनच झाली आहे. चाकांचे कंपाउंड धनुष्य मात्र अंगात पद्धत मुरल्यावर, प्रशिक्षकाला विचारूनच घ्यावे.

बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. बाणात जायचा सगळा जोर धनुष्यातच फुटतो आणि पाती तडकतात. मनगटापासून कोपरापर्यंत चामडी पट्टा, बोटांना चामड्याचे टॅब हवेच. पुढे माणूस असताना बाण दोरीला लावायचासुद्धा नाही. मशिदीतून किंवा बाजारातून जाताना बाणांची टोके मुठीत धरावीत, कोणाला ओरखडाही येऊ नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. जिवंत प्राण्याला बांधून त्याचा निशाणा करण्यालाही तिथे सक्त मनाई आहे.

पाच कामे आणि एक शब्द

पुढच्या काळात मिसर-शामच्या उस्तादांनी तिरंदाजीवर ग्रंथ लिहिले. चौदाव्या शतकातल्या तैबुगा यांचा ग्रंथ त्यांत प्रसिद्ध आहे. या परंपरेत तिरंदाजीची मूळ कामे पाच मानली जातात : धनुष्य मुठीत धरणे, दोरी पकडणे, ओढणे, नेम धरणे आणि सोडणे. साधने बदलली तरी कामे हीच आहेत.

पाय खांद्याएवढे फाकवून निशाणाला काटकोनात उभे राहावे. मूठ आवळू नये. धनुष्य अंगठ्याच्या मुळाशी नुसते टेकलेले असावे. आजच्या पद्धतीत दोरी तीन बोटांनी धरतात : एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. पूर्वेकडच्या जुन्या पद्धतीत ती अंगठ्याने ओढत आणि अंगठ्यात त्यासाठी खास अंगठी घालत. ओढताना जोर दंडाचा नाही, पाठीचा लावायचा. दोन्ही खांद्यांची पाती एकमेकांकडे सरकली पाहिजेत. हात दर वेळी हनुवटीखाली एकाच जागी टेकला पाहिजे. ती जागा बदलली की बाणही बदलतो. सोडणे म्हणजे बोटे झटकणे नव्हे. बोटे सैल केली की दोरी आपणच जाते. बाण निशाणाला लागेपर्यंत हात खाली आणायचा नाही.

फारसीत त्या अंगठीला आणि अंगठ्याला शस्त म्हणतात. उर्दूत नेम धरण्याला शिस्त बांधणे म्हणतात. हाच शब्द मराठीत शिस्त होऊन आला. जुन्या मराठीत त्याचा अर्थ नेम असाच होता. आज शाळेच्या रांगेपासून फौजेच्या कवायतीपर्यंत आपण तो वापरतो आणि त्याच्या पोटात एक तिरंदाज उभा आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

आवरलेला हात

साद यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग या शिस्तीचाच आहे. इराणची राजधानी मदाइन जिंकल्यावर 638 मध्ये त्यांनी कुफा शहर वसवले आणि तिथे कारभार पाहिला. कुफ्याच्या काही लोकांनी त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या. ते नमाजही नीट पढवत नाहीत, इथपर्यंत. हजरत उमर यांनी चौकशी केली आणि त्यांना परत बोलावले. साद मुकाट्याने आले. मात्र 644 मध्ये मृत्युशय्येवरून नवा खलिफा निवडण्यासाठी हजरत उमर यांनी सहा जणांची समिती नेमली, तेव्हा त्यांत सादचे नाव होते. त्यांना काढले ते नालायकी किंवा बेइमानी म्हणून नव्हे, हेही त्यांनी बजावून सांगितले.

656 मध्ये हजरत उस्मान (रजि.) यांची हत्या झाली आणि मुसलमान मुसलमानांसमोर उभे राहिले. दोन्हीकडे मोठमोठे सहाबी होते. इराण जिंकणारा सेनापती आपल्या बाजूला यावा, असे कोणाला वाटणार नाही? साद कोणाच्याच फौजेत गेले नाहीत. ज्या तलवारीला डोळे असतील आणि जिला मोमिन कोण, काफिर कोण हे ओळखता येईल, अशी तलवार आणून द्या, मग लढतो, असा त्यांच्या उत्तराचा मतलब होता. मदिनेबाहेर अकीकच्या खोऱ्यात ते आपल्या उंटांत आणि शेळ्यामेंढ्यांत राहिले. मुलगा उमर घोड्यावरून तिथे आला. लोक सत्तेसाठी भांडत आहेत आणि तुम्ही इथे जनावरे राखत बसला आहात, असे तो म्हणाला. वडिलांनी त्याच्या छातीवर हात मारून त्याला गप्प केले.

हा मुलगा गप्प राहिला नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, 680 च्या मुहर्रममध्ये, करबलाच्या मैदानात यजीदच्या बाजूच्या फौजेचा सरदार होता तो हाच उमर बिन साद. त्याला रय प्रांताच्या सुभेदारीचे आमिष होते. इतिहासकारांनी लिहिले आहे, की हजरत इमाम हुसैन (रजि.) यांच्या तंबूंकडे पहिला तीर त्यानेच सोडला आणि आपणच पहिला सोडला याची साक्षही लोकांकडून मागितली.

एकाच घरातले हे दोन पहिले तीर. बापाने सोडला तो दुर्बळांच्या बचावासाठी आणि पुढे मान मिळत असताना, सत्ता समोर असताना हात आवरला. मुलाला बापाकडून नाव मिळाले, कदाचित धनुष्यही मिळाले असेल. ओढलेली दोरी परत आणण्याची ताकद मात्र मिळाली नाही. ती वारशाने येतच नाही. वसिय्यतीच्या तिसऱ्या हिश्श्यातही ती बसत नाही. प्रत्येकाला ती स्वतःच कमवावी लागते.

हजरत साद यांचे निधन हिजरी सन 55 मध्ये, म्हणजे 675 च्या सुमारास अकीकमध्येच झाले. सत्तरीच्या पुढचे वय होते. मुहाजिर सहाबींपैकी सर्वांत शेवटी गेले ते हेच, असे चरित्रकार सांगतात. खजिने पाहिलेल्या या माणसाने अखेरीस एक जुना लोकरी जुब्बा मागवला. बद्रच्या दिवशी तो त्यांच्या अंगावर होता. याच दिवसासाठी त्यांनी तो इतकी वर्षे जपून ठेवला होता. त्याचेच कफन झाले. लोकांनी त्यांना खांद्यावरून मदिनेला आणले आणि जन्नतुल बकीच्या कबरस्तानात दफन केले.

रोज्याच्या दिवशी दुपारी समोर थंड पाणी असते, आजूबाजूला कोणी नसते आणि तरी हात पुढे जात नाही. महिनाभर आपण हाच सराव करतो. जिभेवर आलेला कडू शब्द, मोबाइलवर टाइप केलेला पण अजून न पाठवलेला संदेश, रागाने उगारलेला हात, हे सगळे दोरीवर चढलेले बाणच आहेत. या सुट्टीत मुलाला धनुष्य घेऊन देणार असाल तर जरूर द्या. त्याच्या ताकदीला झेपेल असे हलके द्या. आणि पहिल्या दिवशी बाण सोडायला लावण्याआधी दोरी पूर्ण ओढून, क्षणभर धरून, हळूच परत आणायला शिकवा.